निंबकरसाहेबांचं विलायती लॉन

बंगल्यासमोरची हरळी पाहून निंबकरसाहेब कडाडले, "गेणू, हे गावठी गवत उपट! महिन्यात विलायती लॉन दिसलं नाही, तर कामावर येऊ नकोस."

हरळीच्या मुळ्या कुणाच्या बापालाही उपटता यायच्या नाहीत, हे गेणू माळ्याला ठाऊक होतं. त्याने नुसतं पाणी घातलं आणि दर चार दिवसांनी गवत कापायचं मशीन फिरवलं. महिन्याने साहेब पाहुण्यांना सांगू लागले, "विलायती ते विलायतीच!" गेणू मात्र मान खाली घालून मशीन फिरवत राही.

गणेशचतुर्थीला बाईसाहेबांनी दूर्वा मागितल्या. गेणूने लॉनच्या कडेच्याच एकवीस खुडल्या.

"अरे, विलायती गवत देवाला?" साहेब ओरडले.

"साहेब, ही तीच हरळी. हरळी म्हणजेच दूर्वा. उपटायची असेल तर आत्ता उपटतो. फक्त आधी बाप्पाला विचारून या."

साहेबांनी दूर्वांसाठी पूजेचं तबक पुढे केलं. गेणूने महिनाभर कोंडलेला श्वास सोडला.