आधी बोल, मग वाजव

या, वर या. दमला असलात तरी कट्ट्यावर बसायचं नाही बरं का. खाली दगडावर टेका. या लेण्याला आम्ही यवनाची ओसरी म्हणतो. तिन्ही भिंतींना लागून कट्टे आहेत, आणि दाराशी जमीन झिजून खळगा पडलाय, तो दिसला? तिथं कुणी पाय ठेवत नाही. का, ते सांगतो. फोटो मग काढा.

नाणेघाटातून बैलांवर माल चढायचा, तेव्हाची गोष्ट. समुद्रापलीकडचे ग्रीक व्यापारी इकडे येऊन राहिले होते, त्यांना आपले लोक यवन म्हणायचे. त्यातला हर्मय नावाचा एक जण इथं बिऱ्हाड करून होता, असं सांगतात. माणूस वाईट नव्हता. पण चारचौघांत आपलं हसं होईल, याची त्याला भारी धास्ती.

त्यांच्यात पाहुणे आले की द्राक्षाच्या दारूची बैठक बसायची. बसायची कसली, लवंडायची! या कट्ट्यांवर गाद्या टाकून, कोपर टेकून, आळीपाळीनं गायचं. पेल्यात उरलेला गाळ नेम धरून उडवायचा, असा त्यांचा एक खेळही होता म्हणे. या सगळ्याला साथ जोडपाव्याची. दोन पावे एकदम तोंडात धरायचे, आणि फुंकून गाल फुटू नयेत म्हणून तोंडावरून चामड्याचा पट्टा घेऊन डोक्यामागं आवळायचा. पट्टा बांधला की वाजवता येतं, बोलता येत नाही.

हर्मयाकडे पावे वाजवायला मेलिटा नावाची दासी होती, त्यांच्याच मुलखातली. एका संध्याकाळी घाटाखालून बडे व्यापारी आले. त्यांच्यापुढं हर्मयाला थाट दाखवायचा होता. मेलिटा दाराशी, आता खळगा आहे तिथं, उभी राहून वाजवत होती. लवंडलेल्यांना एकमेकांचीच तोंडं दिसतात. तिला सगळी ओसरी दिसत होती. हर्मयाच्या गादीखाली नाग शिरताना तिनं पाहिला.

तिनं पावे काढले आणि हातवारे करून दाखवू लागली. पाहुण्यांना वाटलं, बाई नाचायला लागली. ते हसले आणि तिच्याच तोंडावर गाळ उडवू लागले. ती पट्ट्याची गाठ सोडायला गेली, तसा हर्मय शरमेनं लाल झाला. उठला, तिचे हात झटकले, गाठ आणखी करकचून आवळली आणि पुन्हा जाऊन लवंडला.

नागानं त्याच्या मानेशीच फणा काढला. मेलिटा धावली, तिनं तो उघड्या हातानं धरला. नाग तिला डसला.

ती कोसळली. हर्मय तिचं डोकं मांडीवर घेऊन विचारत राहिला, "बोलली का नाहीस? एक शब्द का नाही बोललीस?" विचारता विचारता त्याची बोटं तिच्या डोक्यामागच्या गाठीला लागली. गाठ त्याचीच होती. ती त्याला सुटेना, शेवटी सुरीनं कापावी लागली. तोवर बोलायला ती उरली नव्हती.

पाहुणे कुणाकडे न बघता निघून गेले. हर्मय पुन्हा कधी कट्ट्यावर बसला नाही. उरलेलं आयुष्य तो दाराशी तिच्याच जागी बसून असायचा, त्यानंच तो खळगा पडला, आणि वाटेनं वाजंत्री चालले की हात जोडून म्हणायचा, "आधी बोल, मग वाजव." गावाला आधी तो वेडा वाटला. मग गावालाही लाज वाटली, कारण वाजवणाऱ्याला साधं पाणी विचारायची रीत आपल्यातही नव्हती.

आजही आमच्याकडे लग्न असलं की यजमान सनईवाल्यापुढं हात जोडून हेच म्हणतो, आणि तो काही बोलेपर्यंत मान वर करायची नाही. बहुतेक वेळा तो म्हणतो, काही नाही, बरंय. गेल्या वैशाखात माझ्या भाचीच्या लग्नात म्हातारा सनईवाला हळूच म्हणाला, "सकाळपासनं उन्हात उभं केलंय, तेवढं सावलीत घ्या." वर मांडव केवढा घातला होता आम्ही! सगळे पाहुणे त्याच्या सावलीत होते. त्या दिवशी मान वर करायला आम्हाला फार वेळ लागला.