रानबाचा आभाळात राहिलेला चेंडू

धरण अजून कागदावरच होतं आणि नदीला वाटेल तिथं वळायची मुभा होती, तेव्हाची ही गोष्ट. धरण बांधायला अमेरिकेहून आलेल्या इंजिनिअर साहेबांना बेसबॉलशिवाय करमेना. म्हणून त्यांनी खडकओहळच्या माळावर चार कोपऱ्यांना चार पोती टाकली आणि गावचे गडी पगारावर खेळायला ठेवले. ते पाहून पेठेतल्या सरकीच्या गिरणीनंही पगारी संघ उभा केला.

खडकओहळकडून चेंडू फेकायचा रानबा. हा जोंधळ्याच्या राखणीचा गोफण्या. त्यानं शेतातल्या उंच लाकडी माळ्यावरून गोफण फिरवली की ओढ्यापलीकडच्या चिमणीच्या चोचीतला दाणा उडायचा आणि चिमणीला घरी गेल्यावर कळायचं, असं म्हणतात.

पण रानबा भित्रा. भ्यायचा तो आपल्याच हाताला. उभ्या पिकात कोण खुरपत बसलंय ते माळ्यावरून दिसत नाही, म्हणून राखणदाराचा नेम ठरलेला : आधी हाळी, मग धोंडा. रानबा मैदानातही प्रत्येक चेंडूआधी ओरडायचा, "डोकी सांभाळाऽऽ!" समोरचा सोटेवाला सावध व्हायचा आणि संघाचा म्होरक्या दौलतमामा कपाळ बडवून घ्यायचा.

गिरणीशी मोठा सामना लागला. गिरणीचा शेवटचा गडी, रेड्यासारखा हैबती, सोटा घेऊन उभा. तो बाद झाला की सामना खडकओहळचा. दौलतमामा रानबाच्या कानाशी आला.

"रानबा, ह्यो एक चेंडू मुक्यानं टाक."

"आन् कुनाला लागला तर, मामा?"

"लागू दे की! खेळ हाय का सोयरीक?"

रानबानं ओठ गच्च मिटले आणि चेंडू टाकला.

हैबतीनं डोळे मिटून सोटा हाणला. चेंडू सरळ वर गेला. घारीएवढा दिसला, मग माशीएवढा, मग दिसेचना. ऊन कललं, माना अवघडल्या, तरी चेंडू खाली येईना. शेवटी पंच म्हणून उभा असलेला साहेब म्हणाला, "चेंडू आल्याशिवाय निकाल नाही," आणि चहा प्यायला गेला.

रानबा मात्र मान वर करून तिथंच थांबला. वर गेलेलं खाली येणार. कुणाच्या तरी डोक्यावर येणार. आणि आपण हाळी दिली नाही.

त्यानं शेतातला माळा उपटून मैदानात रोवला. बायको ठकूबाई तिथंच भाकरी घेऊन यायची.

"आवं, घरला चला. आभाळानं गिळला त्यो."

"गिळला न्हाई, ठके. नुसता धरलाय."

धरण झालं, साहेब गेले, दोन्ही संघ मोडले. बाजारकरी माळावरून जाताना हसत, "काय रानबा, आज पडतोय का?" तो मान वर ठेवूनच सांगायचा, "बाबांनो, भराभरा चला." घारीची सावली सरकली तरी तो ओंजळ पुढं करायचा. अशी अठरा वर्षं गेली, असं म्हणतात.

एके दिवशी भर दुपारी माळावरून वऱ्हाड चाललं होतं. तोच आभाळात बारीकशी शीळ वाजली. रानबानं ओळखली. अठरा वर्षांची साठलेली हाळी त्यानं दिली, "डोकी सांभाळाऽऽ!" वाजंत्र्यांचे सूर बसले, बैल बसले, धरणाचं पाणी हातभर मागं सरलं. नवरीसकट अख्खं वऱ्हाड डोक्यावर हात घेऊन खाली बसलं. रानबानं माळ्यावरून उडी टाकली आणि नवरीच्या बाशिंगाच्या चार बोटं वर चेंडू झेलला. चेंडूला शेवाळ धरलं होतं आणि एक पाकोळी त्यावर अंडी उबवत होती.

नवरीचा मामा उठला. पांढऱ्या मिशांचा हैबतीच तो. त्यानं पटका काढून हातात घेतला.

"बाद झालो गा, रानबा."

रानबाला सामन्याची आठवणही नव्हती. वऱ्हाडावरून नजर फिरवत त्यानं विचारलं, "लागलं न्हाई न्हवं कुनाला?"

आजही खडकओहळच्या लग्नात मंगलाष्टकं संपत आली की भटजी थांबतात. मांडवातलं सर्वांत म्हातारं माणूस आभाळाकडं बघून ओरडतं, "डोकी सांभाळाऽऽ!" नवरानवरी डोक्यावर हात घेतात. खोटं वाटत असेल तर तिथल्या मांडवात जाऊन उभे राहा. आधी हाळी, मग अक्षता.