वाटीतलं शिसं

“कुनाला देनार ते तिसरं खोकं? एकदाचं सांगून टाका.”

मी इचारलं. चाचा बारक्या चाकाला कानस मारत व्हते. मारतच राह्यले.

“मला, का भानुदासला?”

चाचांनी चाकावरची भुकटी फुकली.

“बहिरं झालात का काय, चाचा?”

“इमान हुबं राहू दे,” चाचा म्हनले. “मग बघू.”

बाबालालचाचा तरुनपनी हवाई दलात फिटर व्हते. जेट नवी नवी आली तवाचं एक लढाऊ इमान व्हतं, दोन शेपट्यांचं. त्याचं नट आवळन्यात त्यांची जवानी गेली. आता प्लास्टिकची वीतभर इमानं जोडतात. खेळनी न्हवंत. खऱ्याला बरोब्बर मापात.

त्याच दोन शेपटीवाल्याची तीन खोकी त्यांनी परदेशातनं मागवली. एक मला, एक भानुदासला. तिसऱ्यावर त्यांच्या सोताच्या इमानाचा नंबर पडनार व्हता, ज्याला त्यांचा हात लागला त्याचा. पन चाचांच्या डोळ्यावर पडदा आलेला. जोडायला आता दुसऱ्याचा हात लागनार.

तो हात माझाच. दुसऱ्या कुनाचा? मी जळालेल्या पंख्यांच्या मोटारी भरतो, केसाएवढी तार गुंडाळतो. भानुदास शिंपी. बायकांची पोलकी शिवतो.

खोकं उघडलं तर आत नुसता वैताग. बारक्या कारखान्यानं थोडीच काढलेली इमानं ती. मोठ्या कारखान्याच्या मालाला खुंटी असती, भोक असतं, दाबलं की बसतं. ह्याला खुंटी न्हाई, भोक न्हाई. कडा भाकरीगत जाड. डावी बाजू उजवीला धरली तर मधनं उजेड.

“डिंक शेवटी,” चाचा म्हनायचे. “आधी कोरडं लाव. काढ. घास. परत कोरडं लाव.”

आमी रोज दुपारी त्यांच्या वट्यावर बसायचो. समोरासमोर. मधी स्टीलची वाटी, वाटीत शिशाचे दोन गोळे. चाचांनी मासं धरायच्या जुन्या जाळ्याचं शिसं कापून आनलेलं.

“हे नाकात भरायचं,” चाचांनी पैल्याच दिशी सांगितलं. “ह्या जेटचा समदा भार मागं. शिसं इसरलं तर म्होरचं चाक वर आन् ढुंगन खाली.”

भानुदास हसला. मी न्हाई हसलो.

एक दिस चाचांनी आमचे पंख हातात घेतले. दिसत न्हाई म्हनून सांध्यावरनं बोट फिरवत्यात. माझ्या पंखावरनं फिरवलं, खाली ठेवला. भानुदासच्या पंखावरनं फिरवलं…

“हं,” म्हनले.

एवढंच. पन तो ‘हं’ माझ्या काळजात काट्यागत मोडला. माझ्या सांध्याला का न्हाई ‘हं’? ह्याचा सांधा तर मला हितनं दिसत व्हता. घरी बायको म्हनली, जेवा. मी ताट सरकावलं.

त्या दिसापासनं माझा एक डोळा माझ्या इमानावर, एक त्याच्यावर. त्यानं पुट्टी जादा भरली, मला बरं वाटलं. त्याच्या हातनं इमानाची काच चिरली, मला बरं वाटलं. चाचांनी त्याला बशीतला च्या आधी दिला, तवा मातुर डोकं फिरलं.

बुधवारी इमानाचं पोट, नाकासकट, चिकटवायची पाळी आली. मी माझ्या दोन्ही बाजू कोरड्या लावल्या, आत शिसं ठेवून. फट दिसली. काढल्या, शिसं काढलं, पॉलिश पेपरनं घासत बसलो.

मान वर केली तर भानुदासनं त्याचं पोट बंद केलेलं. कच्चा टाका घालावा तसं दोऱ्यानं बांधलेलं बी. आन् वाटीत…

वाटीत शिशाचा गोळा.

इसरला की गडी.

सांगावं का? एवढा मोठा घास तोंडात आला. गिळला. त्याच्या हाताकडं बघत बघतच मी माझं पोट चिकटवलं.

चार दिस मी रोज त्या वाटीकडं बघायचो. गोळा तितंच. असं गोड जेवन मला वर्षात गेलं न्हवतं.

रविवारी चाचांनी वट्यावर खिडकीची काच आडवी टाकली.

“ठेव, भानुदास.”

भानुदासनं ठेवलं. तीन चाकावर हुबं राह्यलं. मी वाट बघितली. हललं बी न्हाई.

“हे पडाया पायजे,” मी म्हनलो.

“का रं, जालिंदर?” चाचांनी इचारलं.

“त्यानं शिसं भरलंच न्हाई. वाटीत पडलंय बघा. चार दिस बघतोय मी.”

भानुदासनं माझ्याकडं बघितलं.

“म्या भरलं की, जालूभाऊ. मंगळवारीच.”

“मग ह्यो गोळा कुनाचा, तुझ्या बापाचा?”



“तुझं ठेव,” चाचा म्हनले.

मी ठेवलं. सांधा कुठंच दिसत न्हवता. रंग आरशागत. हात काढला… म्होरचं चाक सावकाश वर गेलं. दोन्ही शेपट्या काचंवर टेकल्या. टक.

भानुदास हसला असता तर मी त्याचं नरडं धरलं असतं. हसला न्हाई. खाली बघत बसला.

चाचांनी माझं इमान उचललं, बोट फिरवलं. परत फिरवलं.

“भानुदासचा सांधा बोटाला लागतो,” म्हनले. “तुझा न्हाई लागत.”

हेच ऐकायला मी म्हैनाभर मरत व्हतो.

मग चाचांनी चाचपत वाटी घेतली. गोळा काढून माझ्या मुठीत दिला. फळीवरनं तिसरं खोकं काढलं आन् भानुदासच्या म्होरं ठेवलं.

मी उठलो. वहाना शोधाया लागलो.

“कुठं चाललास?”

“घरी. तुमचं झालं न्हवं का?”

“बस.”

“ह्याच्या हाताखाली बसू? मी?”

“समोर बस,” चाचा म्हनले. “हाताखाली न्हाई. मला दिसत न्हाई, तुला दिसतं.”

मी हुबाच राह्यलो. मुठीत शिसं. चाचांनी रिकामी वाटी आमच्या मधी सरकवली.

“आन् ह्या खेपंला वाटीत काय उरलं, तर तोंडानं इचार… कुनाचं म्हनून.”