काजळीतली अक्षरं

नदीकाठच्या एका गावात ठसे कोरणारा एक कारागीर राहायचा. छापखान्याची अक्षरं तो पोलादावर कोरायचा, आणि त्या ठशांवरून मग शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, पाडले जायचे.

त्याची आई रोज दुपारी ओट्यावर आळीतल्या बायकांना पोथी वाचून दाखवी. हाताने लिहिलेली ती पोथी कसरीने खाल्ली होती, आणि आईलाही अंधुक दिसू लागलं होतं. ती म्हणाली, "डोळे आहेत तोवर एक छापील पोथी दे रे बाबा. मग काही मागत नाही."

लेक कामाला बसला. बोरूसारखी जाड-बारीक रेघ, कान्याच्या तळाला बोरूचा तिरका काप, सगळं जुन्या वळणाचं. पण देखणेपणाच्या नादात बारीक रेघ केसासारखी झाली आणि अक्षरांची पोटं, म्हणजे रेघांमधली मोकळी जागा, चिंचोळी. ठसा दिव्यावर धरायचा, काजळी बसली की गुळगुळीत कागदावर टेकवायचा. इतकं रेखीव उठायचं की स्वतःच बघत बसायचा.

छापखान्याचा मालक म्हणाला, "काजळीवर जाऊ नका. माझी शाई पसरते, कागद खरबरीत. पोटं जरा मोकळी ठेवा."

"मग अक्षर पोकळ दिसतं. तुम्ही शाई बेताने लावा."

"लावतो की. शाई माझी, कागद माझा. डोळे मात्र तुमच्या आईचे."

पोथी छापून आली. बायका जमल्या. आईने पान उघडलं, वाकली, जरा थांबली आणि घडाघडा वाचू लागली. बायका म्हणाल्या, काकू, लेकाने नाव काढलं. लेक उंबऱ्यात उभा राहून फुलत होता. मग त्याच्या ध्यानात आलं, अध्याय संपत आला तरी आईने पान उलटलं नव्हतं. ती पाठ म्हणत होती.

पुढे एका जागी ती अडली. घसा बसलाय म्हणत तिने पोथी मिटली. बायका गेल्यावर त्याने पान पाहिलं. बारीक रेघा उठल्याच नव्हत्या, पोटांत शाई भरून नुसते डाग झाले होते.

"मला सांगितलं का नाहीस?"

"चारचौघींत कसं सांगू? अक्षरं देखणी आहेत रे तुझी. पण नणंदेसारखी दार अडवून उभी आहेत, मला आत जाऊ देत नाहीत."

लोक वाखाणत होते, तसंच राहू देता आलं असतं. पुन्हा कोरायचं तर दिवस जाणार, आणि आईचे डोळे काही थांबणार नव्हते. तरी त्याने जुने ठसे फडक्यात बांधून ठेवले आणि नवे कोरायला घेतले. पोटं मोकळी केली, बारीक रेघेला अंग दिलं. तिरका काप तेवढा ठेवला, त्यावरून नजर पुढच्या अक्षरावर सरकते म्हणून. काजळीत ही अक्षरं ओबडधोबड दिसायची. सोबतचे कारागीर म्हणाले, अक्षरं कोरलीस की म्हशी? तो एकेक अक्षर शाईत उठवून आईपुढे धरायचा. ती ओळखेल तेच ठेवायचं.

नवी पोथी आली तेव्हा आईला फक्त उन्हात बसूनच दिसत होतं. ती उन्हात बसली. अडलेली जागा आली, गेली, आणि तिने पान उलटलं. अक्षरांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. एकीच्या सुपातलं निवडण तसंच राहिलं होतं, दुसरी पदराने डोळे पुसत होती. उंबऱ्यात उभा राहून लेक पानं उलटल्याचा आवाज ऐकत होता.

पुढे त्याच अक्षरांत शाळेची पुस्तकं, पंचांगं, लग्नपत्रिका छापल्या गेल्या. कुणी कोरली, ते कुणी विचारलं नाही.

तात्पर्य काय, तर काम ज्याच्यासाठी करायचं, त्याच्याच डोळ्यांनी ते तपासून बघावं.