भीतीवरचा अंगारा

"भीती जाईल असा अंगारा आहे का, बाबा?"

राही निथळत उभी होती. लढाईत गाव जळालं, त्या गावची ही पोर. जेमतेम सतरा-अठराची. दसरा होऊन गेला तरी नदी भरून वाहत होती. आपल्या म्हशीच्या पाठीवर बसून राही सकाळपासून गावातल्या एकेकाला अलीकडे, मठाच्या काठावर आणत होती. शाबास त्या पोरीची! आता पलीकडे तिची आजी तेवढी उरली होती, आणि टेकडीमागे फौजेचे नगारे वाजू लागले होते.

धुनीपाशी बसलेल्या जोतनाथबाबांनी विचारलं, "सकाळी कुठला अंगारा लावला होतास?"

"कुठलाच नाही."

"मग भीती नव्हती?"

"होती की! दात वाजत होते नुसते."

बाबांनी अंगारा काही दिला नाही.

त्यांचा शिष्य धुंडिनाथ हसला. स्मशानात बसून आपण भीती कशी जिंकली, हे तो येईल त्याला ऐकवायचा.

"पोरी, त्याला साधना लागते. चल, मी येतो."

"जा," बाबा म्हणाले. "पण तिचं ऐक."

जाताना सगळं ठीक झालं. येताना आजीला पुढ्यात घेऊन राही म्हशीवर बसली. धुंडिनाथाने मागे शेपूट धरलं. मधोमध भोवरा लागला आणि त्याची सगळी साधना वाहून गेली. शेपूट सोडून तो पुढे झेपावला आणि शिंगालाच लोंबकळला. म्हशीचं तोंड पाण्याखाली गेलं.

राहीने फाडकन त्याच्या थोबाडीत मारली.

"शेपूट धरा, महाराज! म्हैस बुडवाल! माझी आजी आहे वर!"

त्याने डोळे मिटून शेपूट धरलं.

काठावर येताच धुंडिनाथाने घडलं ते सगळं बाबांना सांगितलं. एवढा प्रामाणिकपणा मात्र त्याच्यात होता.

"तिचा हात थरथरत होता, बाबा. मला मारतानासुद्धा."

"आणि लागली?"

"लागली..."

बाबांनी धुनीतला अंगारा चिमटीत घेतला. "ये पोरी. लावतो."

"राहू द्या, बाबा. भीती असली तर असू दे." राही आजीचं लुगडं पिळत होती. "हिला कोरडं काही मिळेल का? आणि लेकरं सकाळपासून उपाशी आहेत. पेज तरी..."

बाबा आसनावरून उठले. अंगावरची घोंगडी त्यांनी म्हातारीला पांघरली.

"धुंडी, धुनीवर मोठं पातेलं चढव. पुढचं राहीबाईंना विचार. त्या सांगतील तसं कर."

धुंडिनाथ चपापला. "धुनीवर? बाबा, आपल्या मठात धुनीवर कधी काही शिजवलेलं नाही."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं...

"तेच म्हणतोय मी. इतकी वर्षं पेटली आहे. काय शिजलं रे?"