जयरामचा पखवाज

"आणि गेल्या वर्षी त्या जयरामने भर देवळात माझ्या आईवर गाणं रचलं, ते विसरू म्हणता, बुवा?"

नरहरीचा आवाज चढला होता. म्हातारे केशवबुवा देवळाच्या पायरीवर सुपारी कातरत बसले होते. नरहरी त्यांचाच शिष्य. पलीकडच्या वाडीचा जयरामही त्यांचाच.

दर जत्रेला या दोन वाड्यांच्या भजनी मंडळांत बारीचा सामना रंगायचा. एकाने चिमटा काढायचा, दुसऱ्याने गाऊन परत करायचा. मग सगळे एकाच पंगतीला. पण हळूहळू चिमट्याची शिवी झाली. गेल्या वर्षी तर दगड उडाले. आणि आज सकाळी जयरामच्या पखवाजाची पुडी, वाजवायचं कातडं, कोणीतरी सुरीने फाडली होती.

"तू फाडलीस?"

"मी नाही. आमच्या मंडळींनी..."

"तुला ठाऊक होतं?"



संध्याकाळी देऊळ खच्चून भरलं. जयरामचं मंडळ माना खाली घालून बसलेलं. नरहरीच्या माणसांनी शिट्ट्या मारल्या. न गाताच जिंकलो!

केशवबुवा उठले. त्यांनी नरहरीच्या मंडळाचा पखवाज उचलला आणि जयरामच्या पुढ्यात नेऊन ठेवला.

शिट्ट्या थांबल्या.

"बुवा, मग आम्ही कशावर गायचं?" नरहरीने विचारलं.

"त्याचं झालं की माग त्याच्याकडे."

जयराम गायला. असा गायला, की रागाने बसलेल्या नरहरीचा हात आपसूक मांडीवर ठेका धरू लागला.

मग नरहरीची पाळी आली. तो उठला. जयरामसमोर जाऊन उभा राहिला.

"जयराम, पुडी आमच्या माणसांनी फाडली. मला माहीत होतं. पखवाज देतोस?"



"त्या गाण्याबद्दल काकूंची माफी मागायची राहिलीय माझी," जयराम म्हणाला. मग आपल्या पखवाजवाल्याकडे वळला. "याच्या गाण्याला तूच वाजव. हात राखू नकोस."

जयरामच्या वरचढ गायचं म्हणून नरहरी जन्मात गायला नव्हता तसा गायला. दोन्ही वाड्या उठून उभ्या राहिल्या. कौल त्याच्या बाजूने पडला, तेव्हा त्याला खांद्यावर घेणाऱ्यांत जयराम पहिला होता.

गुलालाने माखलेला नरहरी धावत येऊन गुरूंच्या पाया पडला.

"बुवा, जिंकलो!"

"मग देवापुढे हात जोड," केशवबुवा म्हणाले. "जयरामचा गळा शाबूत ठेव म्हण."