इलाही मिस्त्रीचं निदान

घाटाच्या पायथ्याशी कारवडी नावाचं गाव होतं आणि त्या गावात इलाही नावाचा एक मिस्त्री होता. ट्रक बिघडला की यंत्राची वायर जोडायची आणि पडद्यावर बिघाडाचं नाव वाचायचं, ही आजची ऐट तेव्हा नव्हती. तेव्हा मिस्त्रीला कान होता. इलाही मिस्त्री लांबलचक स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. मग म्हणायचा, "तिसऱ्या नंबरचं नोझल." उघडून पाहावं तर डिझेल फवारणारं तिसऱ्याच नंबरचं नोझल खराब निघायचं.

काय दिवस होते ते! मिस्त्रीच्या गॅरेजसमोरच्या चिंचेखाली चार-पाच ट्रक उभे असत. डिझेलचा आणि शेजारच्या हॉटेलातल्या भज्यांचा वास एकात एक मिसळलेला असे. मिस्त्री डोळे उघडेपर्यंत कुणी चहाचा घोटसुद्धा घेत नसे. त्या चिंचेची आठवण आली की अजून जीव हळवा होतो.

मिस्त्रीला खोड एकच होती. तो ड्रायव्हरला बोलू देत नसे. कुणी तोंड उघडलं की म्हणायचा, "तू गप. इंजिनाला बोलू दे." माणसं हसायची, आणि त्या हसण्यानं मिस्त्री आणखी फुगायचा.

त्याच गावात भूपालशेठ नावाचे गुळाचे व्यापारी होते. त्यांचा ट्रक गजाबा नावाचा ड्रायव्हर बारा वर्षं चालवत होता. ट्रक शेठचा, पण लळा गजाबाचा. त्या वर्षी दसऱ्याला त्यानं स्वतः ट्रक रंगवला. मागचा फाळका रंगवला, बंपर रंगवला, डिझेलची टाकी झाकणासकट लालभडक केली. झेंडूच्या माळा घालून पूजा केली आणि सगळ्या आळीला पेढे वाटले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ट्रकचं दुखणं सुरू झालं. भरली गाडी घाट चढू लागली की मध्यावरच्या वळणावर तिची ताकद जायची. गजाबा पाय दाबून धरायचा, पण इंजिन मान टाकायचं. धूर नाही, खडखड नाही, नुसतं थंडावायचं. मागं गाड्यांची रांग लागायची आणि शिव्या गजाबाला बसायच्या.

तो मिस्त्रीकडे आला. "मिस्त्री, एक सांगू का? दसऱ्यापास्नं..."

"तू गप. इंजिनाला बोलू दे."

चिंचेखाली उभ्या असलेल्या ट्रकचं इंजिन झकास चालत होतं. कानाला काहीच खोट लागेना. पण भोवती माणसं बसली होती. 'मला कळत नाही' हे तीन शब्द मिस्त्रीच्या जिवावर आले.

"पंप," तो म्हणाला.

डिझेलचा पंप उतरवला, दुरुस्त केला, पुन्हा चढवला. तिसऱ्या दिवशी ट्रक त्याच वळणावर बंद पडला.

गजाबा परत आला. या वेळी भूपालशेठही सोबत होते. गजाबा काकुळतीनं म्हणाला, "थोडा वेळ उभी केली की आपोआप चालू होतीया, मिस्त्री. एवढंच ध्यानात घ्या."

मिस्त्रीनं ते कानावरही घेतलं नाही. एकदा चूक झाली होती, दुसऱ्यांदा सगळ्यांसमोर चुकायचं नव्हतं. त्यानं टाकीतल्या डिझेलात बोट बुडवलं, हुंगलं आणि म्हणाला, "शेठ, इंजिनात कायबी खोट न्हाई. डिझेलात रॉकेल असंल."

डिझेल विकून टाकीत स्वस्त रॉकेल ओतणं, ही त्या काळी ड्रायव्हरची सर्वांत मोठी बेइमानी समजली जाई. मिस्त्रीला रॉकेलचा वास आलेला नव्हता. तरी तो बोलून गेला.

शेठनी काही विचारलं नाही. किल्लीसाठी हात पुढं केला.

"मालक, म्या न्हाई," गजाबा म्हणाला. त्यानं किल्ली दिली आणि मान खाली घालून घरी निघून गेला. दिवस मावळायच्या आत सारं गाव त्याला चोर म्हणू लागलं.

आठ दिवस गेले. शेठनी टाकी रिकामी करून डोळ्यांदेखत चोख डिझेल भरून घेतलं आणि ट्रक नव्या ड्रायव्हरच्या हाती दिला. ट्रक त्याच वळणावर बंद पडला.

मिस्त्रीला निरोप आला. भर दुपारी एका ट्रकमध्ये बसून तो घाट चढून गेला. तो पोचला तेव्हा शेठचा ट्रक पुन्हा थोडा चालून नुकताच बंद पडला होता. बिघडलेली गाडी जिथं बिघडते तिथं जाऊन पाहायची त्याची ही पहिलीच खेप होती. डिझेल हुंगावं म्हणून त्यानं टाकीचं झाकण फिरवलं. झाकण सुटता सुटेना. सुटलं तेव्हा टाकीनं सूं करून मोठ्ठा श्वास आत ओढला.

मिस्त्रीनं झाकण उलटसुलट करून पाहिलं. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. डिझेल बाहेर जातं तेवढी हवा त्यातून आत यावी लागते. ते भोक दसऱ्याच्या लाल रंगानं पार बुजलं होतं. टाकीत हवा नाही म्हणून इंजिनाला डिझेल नाही. उभी राहिली की इथूनतिथून थोडी हवा झिरपायची आणि गाडी चालू व्हायची. गजाबा हेच तर सांगत होता.

त्यानं शर्टाची टाचणी काढून भोक मोकळं केलं. ट्रक दमदार आवाज करत घाटमाथ्यावर गेला.

"काय झालं हुतं, मिस्त्री?" नव्या ड्रायव्हरनं विचारलं.

काहीही सांगता आलं असतं. पंपात कचरा होता म्हटलं असतं, तर कुणाला पत्ता लागला नसता. मिस्त्रीचं नाव राहिलं असतं आणि गजाबा जन्मभर चोर राहिला असता.

"माझं चुकलं हुतं," तो म्हणाला. मिळेल त्या गाडीनं घाट उतरून तो थेट गजाबाच्या दारात गेला आणि सगळं सांगितलं.

गजाबानं कपाळाला हात लावला. "म्हंजे माझ्याच हातानं झालं की!"

"तुझी चूक हुती, गजाबा. चोरी नव्हती. चोरीचं नाव म्या दिलं."

गजाबा उंबऱ्यावर बसला. मग म्हणाला, "तुमी आलासा, बरं झालं. पर आठ दिस झालं, माझी लेक पाण्याला गेली की आडावरच्या बाया गप हुत्यात. तिला कोण रहाट धरू देत न्हाई. ती रिकामी घागर घेऊन माघारी येती. त्येचं काय?"

"उद्या बाजाराला माझ्यासंगं चल," मिस्त्री म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. मिस्त्री गजाबाचा हात धरून बाजारभर फिरला. दिसेल त्या घोळक्यापुढं थांबून म्हणाला, "याच्यावर म्या खोटा आळ घेतला." काही हसले, काहींनी मान फिरवली. भूपालशेठ स्वतः दुकानातून उतरले आणि त्यांनी किल्ली पुढं केली.

गजाबानं हात जोडले. "घेतो, मालक. पर आधी मिस्त्रींस्नी आडावर जाऊ द्या."

मिस्त्री आडावर गेला. गजाबाची लेक रिकामी घागर घेऊन कडेला उभी होती. ज्याच्या तोंडाकडे सारे ड्रायव्हर डोळे लावून बसत, तो माणूस बायांसमोर टोपी हातात घेऊन उभा राहिला. "गजाबा चोर न्हाई. खोटं म्या बोललो," एवढंच त्याला बोलता आलं. मग एक म्हातारी बाजूला सरली आणि तिनं रहाटाचा दोर गजाबाच्या लेकीच्या हातात दिला.

तात्पर्य: ज्याला रोज सोसावं लागतं, त्याचं म्हणणं आधी ऐकावं; आणि न ऐकता चारचौघांत कुणाला दोष दिला असेल, तर तो चारचौघांतच मागं घ्यावा.